पाचव्या घरातला स्विच

त्याला स्वतःचं असं व्होल्टेज नाही. आरके-८०८ नावाच्या पॉवर मॅनेजमेंट चिपमध्ये चौदा जणांचं बिऱ्हाड आहे. चार बक कन्व्हर्टर, आठ एलडीओ आणि दोन स्विच. पहिले बारा जण काही ना काही बनवून देतात. कुणी एक व्होल्ट देतो, कुणी १.८, कुणी ३.३. हे दोघे स्विच मात्र काहीच बनवत नाहीत. दाराशी जे येईल ते तसंच पुढे सोडायचं, नाहीतर अडवून धरायचं, एवढीच त्यांची नोकरी. त्यांतल्या पहिल्याची आणि माझी ओळख बूटलोडरचा ड्रायव्हर लिहिताना झाली, आणि चिपमधल्या सगळ्या मंडळींत मला तोच सर्वांत भावला.

चिप रॉकचिप या चिनी कंपनीची, आकाराने बोटाच्या नखाएवढी. त्याच कंपनीच्या आरके-३२८८ या प्रोसेसरच्या सोबतीला ती आली, २०१५च्या सुमारास काही क्रोमबुकांत बसली आणि २०१७मध्ये असूसने टिंकर बोर्ड काढला त्यावरही दिसली. टिंकर बोर्डाच्या आराखड्यात आपल्या पहिल्या स्विचचं नाव आहे ‘व्हीसीसी ३३ एसडी’. मेमरी कार्डाच्या खाचेला ३.३ व्होल्ट पोचवायचे की नाही, हे त्याच्याकडे. दुसऱ्याकडे नेटवर्कचा भाग. दोघांनाही ते ३.३ व्होल्ट येतात चौथ्या बककडून. म्हणजे कमाई बकची, वाटप स्विचचं. पण हे वाटप चुकलं तर काय होतं, ते पुढे येईलच.

आधी हा स्विच कोणाचा हुकूम ऐकतो ते सांगायला हवं. वीज आली आणि प्रोसेसर जागा झाला, तरी त्या क्षणी त्याला काहीही ठाऊक नसतं. रॅम किती आहे, कार्ड कुठे आहे, पडदा जोडलेला आहे की नाही, काही नाही. प्रोसेसरच्या पोटात कायमचा कोरलेला एक छोटा प्रोग्राम असतो, तो पहिला तुकडा उचलतो. तो तुकडा रॅम जागी करतो. मग येतो बूटलोडर. तो कार्डावरून लिनक्सचं कर्नल काढतो, रॅममध्ये ठेवतो, त्याच्या हाती कारभार देतो आणि बाजूला होतो. हे सगळं काही सेकंदांत. वापरणाऱ्याला त्याचं नावही कळत नाही. या कामाला जगभर मोठ्या प्रमाणावर वापरला जाणारा प्रोग्राम म्हणजे यू-बूट. जर्मनीतल्या वोल्फगांग डेंक यांनी २०००मध्ये पीपीसीबूट या नावाने तो लोकांसमोर ठेवला, कारण तेव्हा तो फक्त पॉवरपीसी प्रोसेसरांसाठी होता. २००२मध्ये इतर प्रोसेसर आत आले आणि नाव बदलून यू-बूट झालं. डेंक २०२२मध्ये गेले. त्यांचा प्रोग्राम राउटरांत, टीव्हीच्या डब्यांत, कारखान्यांतल्या यंत्रांत रोज उठतो आहे.

आमच्या भागातही तो उठतो. ओझर म्हटलं की लोकांना विघ्नहर आठवतो, अष्टविनायकाच्या गाड्या आठवतात, कुकडीच्या पात्रात पसरलेला येडगाव धरणाचा फुगवटा आठवतो. ते सगळं आहेच. पण ओझरहून नारायणगावला आलं आणि पुढे खोडदच्या रस्त्याला लागलं, की द्राक्षं-टोमॅटोच्या शेतांवर डोकं काढून उभ्या असलेल्या तबकड्या दिसू लागतात. ही जीएमआरटी, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यांतल्या १४ मध्यभागी जवळजवळ आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन भुजांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. प्रा. गोविंद स्वरूप यांनी ती इथे उभी केली. नारायणगावच्या परिसरात विजेचं आणि लहरींचं काम त्याआधीही आलं होतं. आर्वीचं विक्रम उपग्रह भूकेंद्र १९७१चं. जुन्नर तालुका शेतीचा म्हणून ओळखला जातो, पण गेली पन्नासेक वर्षं तो आकाशातून येणाऱ्या अगदी क्षीण लहरी टिपणाऱ्यांचाही तालुका आहे.

या दुर्बिणीचं २०१९मध्ये मोठं नूतनीकरण पूर्ण झालं. तबकड्यांकडून येणारा संकेत आकड्यांत बदलून पुढे पाठवायला तिथे ‘रोच’ नावाचे बोर्ड घेतले गेले. हे बोर्ड अमेरिकेतल्या (बर्कलीसह) आणि दक्षिण आफ्रिकेतल्या रेडिओ खगोलशास्त्राच्या मंडळींनी मिळून तयार केलेले. बोर्डाच्या मध्यभागी व्हर्टेक्स-५ ही गणितं करणारी मोठी एफपीजीए चिप, आणि तिची देखभाल करायला शेजारी पॉवरपीसी ४४०ईपीएक्स प्रोसेसर. हा प्रोसेसर यू-बूटनेच जागा होतो. म्हणजे डेंक यांचा प्रोग्राम ज्या प्रोसेसरांच्या घराण्यासाठी जन्मला, त्याच घराण्यात तो खोडदला नांदतो. आणि त्याच रोच बोर्डावर विजेकडे लक्ष द्यायला ॲक्टेल फ्यूजन नावाची निराळी चिप बसवलेली आहे. कोणता पुरवठा चालू, व्होल्टेज नीट आहे का, कुठे तापतंय का, हे पाहणं तिचं काम. सगळ्यात भारी गणित करणारी चिप मध्यभागी बसते, पण तिला वीज मिळावी की नाही हे एका कोपऱ्यातली छोटी चिप ठरवते. मी रॉकचिपच्या स्विचवर काम करतो तेव्हा हा कोपरा माझ्या डोळ्यांसमोर असतो.

रेडिओ दुर्बिणीच्या शेजारी राहणाऱ्याला पॉवर चिपमधल्या तीन जातींतला फरकही लवकर कळतो. बक कन्व्हर्टर वीज कापतो. सेकंदाला दहा-वीस लाख वेळा चालू-बंद करून, कॉइलमधून ओढून तो कमी व्होल्टेज तयार करतो. काम झकास, उधळपट्टी कमी. पण इतक्या झपाट्याने वीज कापली की तिचा गोंगाट होतो, आणि तो मूळ वारंवारतेवर थांबत नाही, तिच्या पटीपटीत वर चढत जातो. जीएमआरटी साधारण १२० ते १४५० मेगाहर्ट्‌झमध्ये ऐकते. हा गोंगाट तिथवर पोचू शकतो. म्हणून असे कन्व्हर्टर धातूच्या पेटीत, फिल्टर लावून बसवावे लागतात. एलडीओ शांत, पण खर्चीक. पाच व्होल्ट घेऊन १.८ देताना उरलेले ३.२ व्होल्ट तो नुसते उष्णतेत घालवतो. शंभरातले चौसष्ट हिस्से धुरात. स्विच यांच्यापैकी कशातच नाही. त्याने कापायचं काही नाही, जाळायचं जवळजवळ काही नाही. एकदा चालू झाला की वीज जाऊ देतो आणि आपली उपस्थितीही जाणवू देत नाही. दुर्बिणीच्या गावचा शेजारी असाच असावा.

आता ड्रायव्हर. शेजारचा डिप्लोमाला असलेला मुलगा एकदा म्हणाला, “काका, नुसतं चालू-बंदच करायचं तर त्याला ड्रायव्हर कशाला लागतो? भिंतीवरच्या बटणाला असतो का?” प्रश्न रास्त होता. मी त्याला रजिस्टर दाखवलं.

प्रोसेसर आणि ही चिप दोन वायरींवरून बोलतात. या बोलण्याला आय-टू-सी म्हणतात. चिपचा पत्ता हेक्स, म्हणजे सोळाच्या पायावरच्या आकड्यांत, १बी. तिच्या पोटात रजिस्टरांची रांग आहे, प्रत्येक रजिस्टर आठ घरांचं, प्रत्येक घरात शून्य किंवा एक. हेक्स २३ या रजिस्टरात चालू-बंदचा कारभार आहे. घरं उजवीकडून मोजायची आणि शून्यापासून. शून्य ते तीन या चार घरांत चार बक. पाचव्या घरात पहिला स्विच, सहाव्यात दुसरा. सगळे चालू असतील तर रजिस्टरात दिसतं ०११० ११११.

आता समजा, कुणी घाईत आहे. त्याला फक्त पहिला स्विच चालू करायचा आहे. पाचव्या घरात एक हवा, म्हणून तो सरळ लिहून टाकतो ००१० ००००. त्याच्या मते त्याने एक दिवा लावला. प्रत्यक्षात त्याने त्याच फटक्यात चारही बक बंद केले. टिंकर बोर्डावर पहिला बक प्रोसेसरचा, दुसरा ग्राफिक्सचा, तिसरा रॅमचा. चौथा कोण, ते वर आलंच आहे: स्विचला ३.३ व्होल्ट देणारा. म्हणजे स्विच उघडला आणि त्याच्यामागचा पुरवठाच गेला. आणि ज्या प्रोसेसरने हा हुकूम पाठवला तो पुढचा हुकूम वाचायला उरलाच नाही. पडद्यावर चूक झाल्याचा संदेश येत नाही, कारण संदेश लिहिणारं कुणी जिवंत नाही. सिरियल वायरीवरची शेवटची ओळ अर्धवट थांबलेली दिसते, बस्स.

म्हणून पाचव्या घरात जायचं तर आधी सगळं रजिस्टर वाचायचं, त्यात फक्त आपलं घर बदलायचं, बाकी सात जशीच्या तशी ठेवून परत लिहायचं. यू-बूटमध्ये यासाठी तयार फंक्शन आहे. त्याला सांगायचं, एवढी घरं पुसा आणि एवढी भरा. आपल्या स्विचसाठी पुसायचं घरही एकच आणि भरायचंही एकच. ड्रायव्हरमधली ती ओळ लहानशी आहे: स्विचच्या क्रमांकात पाच मिळवा आणि एकचा आकडा तितकी घरं डावीकडे सरकवा. स्विचांचे क्रमांकही शून्यापासून, म्हणून पहिला पाचव्या घरात पडतो, दुसरा सहाव्यात. मुलाने ती ओळ दोनदा वाचली आणि विचारलं, “मग बाकीच्यांना धक्का न लावणं हाच ड्रायव्हर?” मी हो म्हटलं. अजूनही मला त्याहून नेमकं सांगता येत नाही.

चिप बनवणाऱ्यांनाही हे जाणवलं असावं. पुढच्या पिढीतल्या आरके-८०९मध्ये त्यांनी रचना बदलली. तिथे प्रत्येक चालू-बंदच्या घरासाठी चार घरं वर एक परवानगीचं घर आहे. परवानगीच्या घरात एक असेल तरच खालचा बदल मानला जातो. शून्य असेल तर खाली काहीही लिहा, चिप ऐकत नाही. त्यामुळे घाईत लिहिणाऱ्याच्या हातूनही शेजाऱ्याची वीज जात नाही. यू-बूटच्या ड्रायव्हरमध्ये या चिपसाठी वेगळी शाखा आहे. चालू करताना दोन्ही घरं भरतात, बंद करताना फक्त परवानगीचं. आरके-८१८मध्ये तर स्विच एकच, तोही सहाव्या घरात. एकाच घराण्यातले हे भाऊ, पण प्रत्येकाचा पत्ता वेगळा. म्हणून ड्रायव्हर आधी विचारतो, आपण कोणत्या चिपशी बोलतोय?

या ड्रायव्हरमधला मला सर्वांत आवडणारा भाग म्हणजे एक रिकामं फंक्शन. यू-बूटमध्ये २०१५पासून सगळ्या व्होल्टेज देणाऱ्यांसाठी एक सामाईक साचा आहे. त्या साच्यात मुख्य प्रश्न चार: किती व्होल्ट देतोस? इतके दे. चालू आहेस का? चालू हो. बक आणि एलडीओ चारही प्रश्नांना उत्तर देतात. स्विचकडे पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर नाही. पण बोर्डाचं वर्णन करणाऱ्या फाइलमध्ये, जिला डिव्हाइस ट्री म्हणतात, कित्येकदा कुणीतरी स्विचपुढेही किमान आणि कमाल व्होल्टेज लिहून ठेवतं. ३.३ व्होल्ट जातात ना त्यातून, मग लिहू या, असा साधा विचार. यू-बूट मग स्विचला म्हणतो, ३.३ कर. स्विचकडे तसं फंक्शनच नाही, म्हणून ‘जमत नाही’ असं उत्तर जातं. आणि व्होल्टेज ठरलं नाही म्हणून यू-बूट त्याला चालूही करत नाही. कार्ड बंद, बूट बंद. स्विचमध्ये बिघाड काही नाही, त्याला त्याच्या कामाबाहेरचा प्रश्न विचारला गेला एवढंच.

यावर उपाय म्हणून ड्रायव्हरमध्ये एक फंक्शन लिहिलेलं आहे जे काहीही करत नाही आणि ‘झालं’ म्हणून शून्य परत देतं. त्याच्या डोक्यावर टिपणही आहे: स्विचला व्होल्टेज ठरवायची गरज नाही, पण कुणी तसं लिहिलं तर तो चालूच होत नाही, म्हणून हे रिकामं फंक्शन. पहिल्यांदा वाचताना हे उगाच वाटतं. मला ते फार समंजस वाटतं. स्विचला बकसारखं वागायला लावण्यापेक्षा, त्याला न शोभणारा प्रश्न त्याच्यापर्यंत पोचण्याआधीच कुणीतरी झेलला आहे.

मग त्याचं खरं मोल कुठे? चालू होण्यात नाही. चालू तो बहुतेक वेळा आधीपासूनच असतो. त्याचं मोल नीट बंद होण्यात आहे. मेमरी कार्ड सुरुवातीला ३.३ व्होल्टच्या संकेतांवर बोलतं. जास्त वेग हवा असेल तर कार्ड आणि प्रोसेसर दोघंही ठरवून १.८ व्होल्टवर उतरतात. उतरलेलं कार्ड मात्र सांगून परत वर येत नाही. त्याची वीज पूर्ण तोडावी लागते, इतकी की खाचेतलं व्होल्टेज ०.५च्या खाली जाईल आणि निदान एक मिलिसेकंद तिथे राहील. आता लिनक्स चालू असताना कुणी रीबूट केलं, तर प्रोसेसर नव्याने सुरू होतो आणि ३.३वर हाक मारतो. कार्ड अजून १.८वर. उत्तर नाही. बोर्ड अडकतो. माणूस वैतागून प्लग उपसतो, पुन्हा लावतो, आणि सगळं सुरळीत होतं. प्लग उपसण्याचं ते काम स्विचचं आहे.

यू-बूट कार्डाशी बोलायला बसतो तेव्हा आधी हेच करतो. कार्डाची वीज तोडतो, दोन मिलिसेकंद थांबतो, पुन्हा देतो. नियम एकाचा, यू-बूट खबरदारी म्हणून दोन घेतो. वीज तोडण्याचा हा हुकूम कार्डाच्या ड्रायव्हरकडून रेग्युलेटरकडे, तिथून आपल्या स्विचकडे, आणि शेवटी आय-टू-सीच्या दोन वायरींवरून हेक्स २३च्या पाचव्या घरात जाऊन पोचतो. मात्र डिव्हाइस ट्रीत त्याच्यापुढे ‘कायम चालू’ अशी ओळ असेल, तर यू-बूट त्याला बंद करायला नकार देतो. ही ओळ बोर्ड बनवणारे भीतीपोटी सर्रास लिहितात आणि मग स्विचचे हात बांधले जातात. टिंकर बोर्डासारख्या ठिकाणी, जिथे प्रोसेसरच्या पोटातला पहिला प्रोग्रामसुद्धा कार्डावरूनच तुकडा उचलतो, तिथे तर यू-बूटपर्यंत पाळीच येत नाही. तिथे वीज रीबूटच्या आधीच तोडायला हवी. ज्या बोर्डावर मुख्य साठवण वेगळी आणि कार्ड दुय्यम, तिथे मात्र यू-बूट आणि स्विच मिळून हे काम पुरं करतात.

आणखी एक गोष्ट म्हणजे क्रम. बोर्डावरचे सगळे पुरवठे एकाच क्षणी चालू का करत नाहीत, हे जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. थ्री फेज लाइट आली की ऑटो स्विच लावलेल्या सगळ्या मोटारी एकदम उठतात, डीपीवर भार येतो, फ्यूज जातो, कधी डीपीच जळते. ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा, असं महावितरण वर्षानुवर्षं सांगतंय. बोर्डावरही प्रत्येक पुरवठ्यामागे रिकामे कपॅसिटर तहानलेले बसलेले असतात. सगळे एकदम भरायला लागले तर मुख्य व्होल्टेज खाली बसतं आणि प्रोसेसर अर्ध्यावर मान टाकतो. म्हणून पॉवर चिप एकामागून एक, ठरलेल्या अंतराने चालू करते. चांगला स्विच एकदम सताड उघडत नाही, हळूहळू उघडतो. ड्रायव्हरनेही घाई करायची नाही. डिव्हाइस ट्रीत किती मायक्रोसेकंद थांबायचं ते लिहिता येतं. ते लिहिलेलं असेल तर थांबायचं, आणि मगच कार्डाला हाक मारायची.

या स्विचच्या शेजारी कोण राहतं तेही सांगतो, कारण माणसाची ओळख शेजारावरूनही पटते. याच चिपमध्ये एक घड्याळ आहे, आणि त्याच्या हिशोबात नोव्हेंबर ३१ दिवसांचा आहे. खरंच. ३० नोव्हेंबरनंतर ते १ डिसेंबर दाखवत नाही, ३१ नोव्हेंबर दाखवतं. चिप सिलिकॉनमध्ये उतरली, बाजारात गेली, आता ती चूक कुणाला पुसता येणार नाही. लिनक्सच्या ड्रायव्हरने यावर असा तोडगा काढला: १ जानेवारी २०१६ला जगाचं कॅलेंडर आणि चिपचं कॅलेंडर जुळत होतं असं धरायचं, आणि तेव्हापासून जितके नोव्हेंबर सरले तितके दिवस चिपला मागे समजायचं. या हिशोबाने २०२६ साल उजाडलं तेव्हा चिपच्या पोटात २२ डिसेंबर २०२५ होता. लिनक्स ती तारीख वाचताना दहा दिवस मिळवतो आणि लिहिताना दहा दिवस वजा करतो. वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

ड्रायव्हर लिहिणं म्हणजे काय, हे मला या घड्याळाने आणि या स्विचने मिळून शिकवलं. समोरचा कसा असायला हवा होता, याचा ड्रायव्हरला उपयोग नाही. तो जसा आहे तसा ओळखायचा. घड्याळ नोव्हेंबरात चुकतं, तर नोव्हेंबर सांभाळायचा. स्विचला व्होल्टेज नाही, तर त्याला व्होल्टेज विचारायचं नाही. त्याचं घर पाचवं, तर पाचव्यातच जायचं आणि बाकीच्यांची दारं वाजवायची नाहीत. मोठमोठ्या प्रोग्रामांत हुशारीला पुष्कळ जागा असते. इथे पंचवीस-तीस ओळींत काम संपतं, आणि त्यांत हुशारी दाखवायला गेलं की बोर्ड बंद पडतो. मला ही शिस्त आवडते.

एक सावधगिरी मात्र सांगायलाच हवी. पाचव्या घरात एक वाचला म्हणजे कार्डाला वीज पोचली असं नव्हे. रजिस्टर आपण काय मागितलं ते सांगतं, काय मिळालं ते नाही. मधला एखादा कपॅसिटर उडालेला असेल, खाचेची पिन उखडलेली असेल, चौथा बकच खाली बसलेला असेल, तरी त्या घरात एकच दिसेल. यू-बूटच्या खिडकीत ‘रेग्युलेटर स्टेटस’ म्हटलं की तो चालू असल्याचं सांगेल, आणि ते त्याच्या परीने खरंच असेल. खरं काय ते कळायला मल्टिमीटरचं टोक खाचेच्या पिनवर टेकवावं लागतं. म्हणून घरात बसून नुसता कोड वाचून या स्विचचा ड्रायव्हर पुरा होत नाही. हातात बोर्ड हवा, सिरियल वायर हवी आणि मीटर हवा.

हे सगळं आमच्या भागातल्या मुलांना जमण्यासारखं आहे, म्हणून मुद्दाम लिहिलं. आंबेगाव तालुक्यात अवसरी खुर्दला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तंत्रनिकेतन आहे. जुन्नरच्या मुलांना घराजवळ खोडदसारखी संस्था आहे, जी दरवर्षी विज्ञान दिनाला आपली दारं लोकांसाठी उघडते. यू-बूटचा सगळा कोड उघडा आहे, कुणीही वाचावा, बदलावा, बदल ईमेलने पाठवावा. वय, गाव, कॉलेज कुणी विचारत नाही. बदल का केला ते स्वच्छ लिहिलेलं हवं आणि खाली तुमच्या नावाची जबाबदारीची ओळ हवी. नव्या पॉवर चिपा येत राहतात आणि त्यांतल्या कित्येकींच्या स्विचांना अजून बूटलोडरमध्ये जागा मिळालेली नसते, कारण बक आणि एलडीओ आधी लिहिले जातात, स्विच राहून जातो. तुमच्या हातात असा बोर्ड असेल तर त्याच्या स्विचपासून सुरुवात करा. आधी रजिस्टर वाचा, मग लिहा. आणि बदल पाठवण्याआधी मीटर लावून दोनदा बघा: एकदा चालू केल्यावर, एकदा बंद केल्यावर.